पटावरच्या दोन बाजू

रोमविरुद्धच्या ज्यूंच्या बंडावर युद्धपट रचणाऱ्याला प्रथम ठरवावे लागते, की बाजू किती मानायच्या. अ‍ॅव्हलॉन हिल या अमेरिकी संस्थेने १९८९ साली काढलेला ‘सीज ऑफ जेरुसलेम’ हा खेळ दोघांचा आहे. एकाकडे टायटसची फौज, दुसऱ्याकडे तटावरचे ज्यू, प्रसंग इ. स. ७० च्या वेढ्याचा. दोन खेळाडू समोरासमोर बसले, की एक गृहीतक न बोलता मान्य होते. तटाच्या आत एकच मेंदू विचार करतो आहे, असे ते गृहीतक.

वस्तुस्थिती निराळी होती. त्या वर्षीच्या वसंतात शहर तीन गटांत विभागले गेले होते. मंदिराच्या आतल्या प्रांगणात एलाझार, बाहेरच्या प्रांगणात गिस्कालाचा जॉन आणि वरच्या नगरात सायमन बार गिओरा. वल्हांडणाच्या सणासाठी एलाझारने दरवाजे उघडले, तेव्हा भाविकांच्या गर्दीतून जॉनची माणसे वस्त्रांखाली शस्त्रे लपवून आत शिरली. तिनाचे दोन गट झाले ते असे, आणि तेही टायटस चार लीजनांसह वेशीबाहेर उभा असताना! त्याआधीच आपसांतल्या मारामारीत धान्याची कोठारे जळून गेली होती.

आता हे पटावर दाखवायचे कसे? कोणता खेळाडू आपल्या हाताने आपलेच धान्य जाळील? तेव्हा फाशाचा किंवा एखाद्या पत्त्याचा आधार घ्यावा लागणार. पण फाशावर सोपवले, की ती आपत्ती ठरते. तालमूदमधली परंपरा मात्र सांगते, की लोकांना लढणे भाग पडावे म्हणून जहालांनी कोठारे हेतुपुरस्सर पेटवली. म्हणजे ती चालच होती. फक्त ती रोमनांविरुद्ध नव्हती, तह करू पाहणाऱ्या स्वकीयांविरुद्ध होती. दोघांच्या खेळात या चालीला घर नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला मात्र याहून मोठी अडचण जाणवावी. हे सारे आपल्याला तपशिलाने सांगतो कोण? जोसेफस. हा गृहस्थ आरंभी गॅलिलीतला ज्यूंचा सेनानी. ६७ साली जोटापाटा पडले, तेव्हा गुहेत लपलेल्या चाळीस सोबत्यांनी शरण जाण्यापेक्षा मरण पत्करायचे ठरवले. चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारता मारता शेवटी तो आणि आणखी एक असे दोघेच उरले. हा दैवयोग की ईश्वरी कृपा, असे तो स्वतःच म्हणतो. (चिठ्ठ्या कोणी टाकल्या, हे विचारण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.) पुढे व्हेस्पाशियनला सम्राटपदाचे भाकीत सांगून त्याने जीव वाचवला आणि जेरुसलेमच्या वेढ्यात तटाबाहेरून तो आपल्याच लोकांना शरण येण्याची विनवणी करीत होता. पटाच्या दोन्ही बाजूंना बसून आलेला असा हा निवेदक.

त्याला आश्रय देणारा टायटस निर्दोष ठरायला हवा होता. म्हणून त्याच्या ग्रंथात मंदिर टायटसच्या इच्छेविरुद्ध जळते. सल्पिशियस सेव्हेरस हा पुढच्या काळातला ख्रिस्ती लेखक मात्र मंदिर नष्ट करण्याच्या बाजूनेच टायटसने मत दिले असे लिहितो. दोष बंडखोरांच्या यादवीवर ढकलणे जोसेफसच्या सोयीचे होते, हे उघड आहे. तरी एवढ्यावरून यादवी काल्पनिक ठरत नाही. टॅसिटसही तीन सेनापती सांगतो, जळालेले धान्य सांगतो. तालमूदचा उल्लेख वर आलाच आहे. निवेदक अविश्वसनीय असूनही हकिगत खरी असू शकते, ही गोष्ट वर्गात कादंबरी शिकवताना आपण फार घाईने विसरतो.

सायमनला रोमच्या विजययात्रेत मिरवून ठार करण्यात आले. जॉनला जन्मठेप झाली. जोसेफसला रोमचे नागरिकत्व आणि निवृत्तिवेतन मिळाले. राहायला मिळाले ते सम्राट होण्यापूर्वी व्हेस्पाशियन ज्यात राहत असे, ते घर.