हृद्रोग्याची चालपरीक्षा

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाने आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निपचित पडून राहावे, असा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकाचा दंडक होता. त्याला आधारही होता. १९३९ साली बोस्टन येथील मॅलरी, व्हाइट आदी संशोधकांनी मृतांची हृदये तपासून दाखविले, की रक्ताअभावी निकामी झालेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण धरण्यास महिना-दोन महिने लागतात. तोवर श्रम पडले तर हृदय फुटेल, अशी धास्ती असे. परंतु या विश्रांतीचेही मोल द्यावे लागे. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत आणि रोग्याचे मन खचे. १९५२ साली लेव्हाइन व लाउन या बोस्टनच्याच डॉक्टरांनी रोग्यांना लवकर आरामखुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा या दंडकाला पहिला मोठा तडा गेला.

श्रमांनी हृदय जोखण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. १९२९ साली न्यूयॉर्कच्या मास्टर व ओपेनहायमर यांनी नऊ इंच उंचीच्या दोन पायऱ्यांची चढउतार करवून नाडी व रक्तदाब मोजण्याची रीत सांगितली. पुढे तिला कार्डिओग्रामची जोड मिळाली. सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी पायऱ्यांऐवजी फिरता पट्टा घेतला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात.

पण नुकत्याच झटक्यातून उठलेल्या माणसाला या पट्ट्यावर चालवावे काय? माँट्रियल येथे तेरू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २१० रोग्यांना घरी पाठविण्याच्या आदल्या दिवशी बेताचे श्रम देऊन पाहिले. त्यांचा निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाला. श्रमांच्या वेळी ज्यांच्या कार्डिओग्राममध्ये रक्तपुरवठा अपुरा पडल्याची खूण उमटली नाही, अशा १४६ जणांपैकी वर्षभरात तिघे दगावले. ती खूण उमटलेल्या ६४ जणांपैकी सतरा. एरवी सारखेच दिसणारे रोगी काही मिनिटांच्या चालण्याने निराळे ओळखू आले.

पुढे इटलीतील एका मोठ्या पाहणीने आणखी एक गोष्ट दाखविली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत चाचणी सदोष आलेल्यांपैकी सहा महिन्यांत १.७ टक्के मृत्यू पावले. प्रकृतीच्या कारणाने जे चाचणीलाच उभे राहू शकले नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण ७.१ टक्के होते. चालता न येणे हीच सर्वांत गंभीर सूचना ठरली.

आज झटका येताच रक्तवाहिनीचा अडथळा दूर करण्याचे उपाय उपलब्ध असल्याने प्रत्येकाला ही परीक्षा द्यावी लागत नाही. तरी रोग्याने किती चालावे, कामावर केव्हा परतावे, हे ठरविताना ती अजून उपयोगी पडते. मात्र तिचा कौल म्हणजे कुणा एकाची जन्मकुंडली नव्हे. तो समूहाचा हिशेब असतो, आणि कुणाकडे अधिक लक्ष द्यावयाचे एवढेच तो वैद्याला सांगतो. माँट्रियलच्या त्या धोक्याच्या यादीतील ६४ जणांपैकी ४७ जण वर्षअखेर हयात होते, हेही त्याच हिशेबात नोंदलेले आहे.