पायाने चढलेले पाणी

बेळगाव-विजयपूर भागात प्रवास करताना उपसा सिंचन योजनांच्या फलकांवर 'एत नीरावरी' हे कन्नड शब्द वाचायला मिळतात. 'नीरावरी' म्हणजे सिंचन, हे संदर्भावरून कळते. 'एत' हा शब्द मात्र थांबून पाहावा असा आहे. विहिरीच्या काठी उभा खांब, त्यावर तराजूसारखा झुलणारा लांब आडवा दांडा, दांड्याच्या एका टोकाला पोहरा. या जुन्या साधनाचे नाव एत. काही ठिकाणी त्याचा दोर हाताने ओढीत, तर काही ठिकाणी माणूस त्या दांड्यावरच मागेपुढे चालत असे. तो पुढे गेला की पोहरा खाली, मागे आला की पोहरा वर. तमिळ मुलखात याला 'एत्रम' म्हणतात आणि इंग्रज अंमलदार त्याला 'पिकोटा' म्हणत. तो शब्द त्यांनी पोर्तुगिजांकडून उचलला होता. आज त्या फलकांमागे शेकडो अश्वशक्तीच्या विजेच्या मोटारी नदीचे पाणी टेकडीवर चढवतात, पण नाव अजून दांड्यावर चालणाऱ्या त्या माणसाच्या साधनाचेच आहे.

आपल्या मराठी मुलखात हे काम प्रामुख्याने बैलांनी केले. मोट, नाडा, धाव, थारोळे हे शब्द ज्यांच्या कानांवर लहानपणी पडले, ती पिढी आता विरळ होत चालली आहे. कोकणातल्या आगरांत लाट होती, रहाट होता आणि काही ठिकाणी पायाने फिरवायचा पायरहाटही होता. साधन कोणतेही असो, पाणी वर यायचे ते कोणाच्या तरी अंगातले बळ खर्ची घालून, आणि ते बळ किती लागते हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे.

आज तेच पोर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जुन्या सायकलला पंप जोडून आणते. सायकल मारली की नळातून पाणी पडते. 'विजेविना पाणी' अशी पाटी लागते, पाहुणे कौतुक करतात, फोटो निघतो. प्रयोग चांगलाच आहे; पण पाणी चढते एवढेच तो दाखवतो. ते चढायला काय पडते, हे दाखवायचे राहून जाते. पायाने चालणाऱ्या पंपाचा इतिहास पाहिला, तर याच एका हिशेबावर तो कुठे तरला आणि कुठे बुडाला, हे स्पष्ट दिसते.

या इतिहासाची मुळे फार जुनी आहेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस नावाच्या कारागिराने दोन नळकांड्यांचा पंप बनवला. एक दट्ट्या खाली जाताना दुसरा वर येई, त्यामुळे धार तुटत नसे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने माणसांनी पायाने तुडवून फिरवायच्या पाणचाकांचे वर्णन करून ठेवले आहे. चीनमध्ये दुसऱ्या शतकापासून लाकडी फळ्यांच्या साखळीचे पाणउपसे वापरात आले. त्या साखळीला तिथले लोक ड्रॅगनचा कणा म्हणत. दोघे-तिघे जण आडव्या बांबूवर कोपर टेकून उभे राहत आणि खालचे खुंट पायाने तुडवीत. भातखाचरात पाणी चढवायचे ते हात-दीड हात, फार तर पुरुषभर. त्यामुळे माणसाच्या पायांना ते झेपत असे.

खोल पाण्याचा प्रश्न वेगळा होता. १६३८ साली गॅलिलिओने आपल्या ग्रंथात एक अडचण नोंदवली: ओढून पाणी आणणारा पंप कितीही चांगला असला, तरी अठरा हातांपलीकडून पाणी ओढत नाही. त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३-४४ च्या सुमारास त्याचे उत्तर शोधले. पंप पाणी ओढत नाहीच. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रकाठी हा दाब पाण्याला सुमारे १०.३ मीटरपर्यंत नेऊ शकतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर आहे, तिथे ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आत येते. आणि झडपांची गळती, नळीतले घर्षण धरले की व्यवहारात सहा-सात मीटरच हाती उरतात. यापुढे दट्ट्या खाली पाण्यातच सोडावा लागतो. वर ठेवलेल्या पंपाने दहा मीटर खोल विहिरीतून पाणी ओढून दाखवतो म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधी पाहावे.

पायाच्या बळाला नवे साधन मिळाले ते सायकलमुळे. दोन सारखी चाके आणि साखळी असलेली आजच्या धाटणीची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली आली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८८ साली, किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. सायकलींवरून हा व्यवसाय कडबा कापण्याच्या यंत्रांवर आणि लोखंडी नांगरांवर गेला. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२६ साली याच कारखान्यात चक्राकार फिरणारा, म्हणजे सेंट्रिफ्यूगल, पंप तयार झाला. हळूहळू तेलावरची इंजिने आणि विजेच्या मोटारी आल्या आणि मोटेचे दिवस भरले. ज्या घराण्याने बेळगावकरांना सायकल दिली, त्याच घराण्याच्या कारखान्यातून शेतकऱ्याच्या विहिरीवर पंप आला.

सायकल आणि सेंट्रिफ्यूगल पंप यांची जोडी मात्र सहज जमत नाही. माणूस पायटे मारतो ती मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांनी. मोटारीवरचा साधा पंप मिनिटाला १४४० किंवा २८८० फेऱ्यांसाठी घडवलेला असतो. मोठ्या चाकावरून छोट्या कप्पीवर पट्टा घेऊन फेऱ्या वाढवता येतात, पण आणखी एक गोम आहे. अशा पंपाचा वेग निम्मा झाला की पाणी चढवण्याची त्याची उंची निम्मी होत नाही, चौथाईवर येते. म्हणून प्रदर्शनात मुलगा जरा दमला की धार बारीक न होता एकदम बंद पडते आणि पाहणाऱ्यांना पंप बिघडला असे वाटते. दट्ट्याच्या पंपाचे तसे नाही. तो हळू चालवला तर पाणी हळू येते, इतकेच. पायासाठी दट्ट्याच बरा.

हे सूत्र पकडून केलेला सर्वांत यशस्वी पंप आपल्या शेजारीच, बांगलादेशात झाला. उत्तरेकडच्या रंगपूर-दिनाजपूर भागात काम करणाऱ्या एका सेवासंस्थेतले नॉर्वेजियन अभियंते गुन्नार बार्न्स यांनी १९८० च्या सुमारास तो तयार केला. पत्र्याची दोन नळकांडी, दोन दट्टे, त्यांना जोडलेले बांबूचे दोन लांब पायटे आणि पायट्यांना बांधलेली, कप्पीवरून गेलेली एक दोरी. एका पायावर भार दिला की दुसरा पायटा वर येतो. जागच्या जागी चालल्यासारखे तुडवत राहायचे. क्टेसिबियसचीच दोन नळकांडी, आता खेड्यातल्या कारागिराला जमतील अशी. हाताच्या जोराऐवजी सगळ्या शरीराचे वजन कामाला येते, हे त्याचे मर्म. पाणी जेमतेम काही मीटरांवर असलेल्या त्या गाळाच्या प्रदेशात अर्ध्या एकराच्या आसपास भात किंवा भाजीपाला त्यावर भिजे. प्रचारासाठी गावोगाव नाटके झाली, चित्रपट दाखवले गेले आणि १९९० चे दशक संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक पंप विकले गेले. ज्याला डिझेल इंजिन परवडत नव्हते त्याला दुसरे पीक मिळाले. भारतातही 'कृषक बंधू' या नावाने तो उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात, बिहार, बंगाल, ओडिशा आणि आसामात पोचला.

दख्खनमध्ये तो रुजला नाही, याचे कारणही त्या हिशेबातच आहे. आपल्याकडे काळा कातळ आणि पाणी खोल. १९६०-७० च्या दशकांत दुष्काळी भागात विंधनविहिरी खणल्या गेल्या, पण त्यांवरचे ओतीव लोखंडाचे हातपंप घरगुती वापराच्या धाटणीचे होते. सगळ्या गावाचा दिवसभराचा मारा त्यांना सोसेना. १९७० च्या दशकाच्या मध्यास बहुसंख्य पंप बंद असल्याचे आढळले. यावर तोड निघाली ती मराठी मुलखात. आधी जालन्याच्या आणि मग सोलापूरच्या मिशनमधल्या कारागिरांनी पोलादी, भक्कम पंप केले. सोलापूरचे ऑस्कर कार्लसन हे स्वीडिश कारागीर स्वतःच्या हाताने काम शिकलेले. त्यांच्या 'सोलापूर पंपा'त दांड्याला एकच बिजागर आणि खालच्या गजाला जोडणारी सायकलीसारखी साखळी होती. त्यामुळे गज सरळ रेषेत वरखाली होई आणि झिजत नसे. यावरूनच युनिसेफच्या पुढाकाराने 'इंडिया मार्क दोन' हा पंप घडला. १९७० च्या दशकाअखेर तो मद्रासच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनू लागला आणि पुढे जगभर गेला. तो चाळीस-पन्नास मीटरांवरून पाणी आणतो, पण मिनिटाला साधारण बारा ते पंधरा लिटरच. पिण्यापुरते होते, शेती होत नाही. खोलीची किंमत अशी मोजावी लागते.

हा हिशेब विसरला की काय होते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत घडले. आणि गंमत म्हणजे त्याचाही उगम एका प्रदर्शनातच होता. १९८९ साली प्रिटोरियाजवळच्या शेतकी प्रदर्शनात ट्रेव्हर फील्ड या जाहिरात व्यवसायातल्या गृहस्थांनी मुलांच्या फिरत्या पाळण्याला जोडलेला पंप पाहिला. मुले खेळतील, पाळणा फिरेल, पाणी उंच टाकीत चढेल, अशी कल्पना. २००० साली तिला जागतिक बँकेचे पारितोषिक मिळाले आणि २००६ साली अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचे ठरले. मग तक्रारी येऊ लागल्या. मुले शाळेत गेली की पाळणा थांबे, आणि मग बाया, म्हाताऱ्यासुद्धा, तो जड पाळणा हाताने ढकलत फिरवीत. एक पंप अडीच हजार माणसांना पाणी देईल असे म्हटले होते. तेवढे पाणी मिळवायला मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावे लागेल, असा हिशेब 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकात २००९ साली छापून आला. त्यानंतर ती मोहीम आवरती घेण्यात आली. खेळ म्हटल्याने कामाचा भार कमी झाला नव्हता. तो कोणाच्या खांद्यावर आला एवढेच बदलले होते.

तर मग शाळेतल्या प्रदर्शनात पायपंप कसा मांडावा? दट्ट्याचा, दोन नळकांड्यांचा पंप घ्यावा आणि नळकांडी पारदर्शक असावीत, म्हणजे झडपेची उघडझाप आणि वायसरमधून निसटणारे थेंबही दिसतील. पाणी त्याच टाकीत परत यावे. मुख्य म्हणजे नळ तीन असावेत: दोन मीटर, चार मीटर आणि आठ मीटर उंचीवर. वरच्या मजल्याचा जिना त्यासाठी पुरतो. खालच्या टाकीपासून नळापर्यंतची उंची तेवढी मोजायची आणि एक मिनिट पाणी बादलीत धरायचे.

निरोगी माणूस तासभर न थकता सुमारे ७५ वॅट देऊ शकतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतके. निम्मे घर्षणात आणि गळतीत गेले असे धरले, तर मिनिटाला दोन मीटरवर शंभराहून थोडे अधिक लिटर पाणी चढेल, चार मीटरवर पंचावन्न-साठ आणि आठ मीटरवर अठ्ठावीस-तीस. मुलांचे आकडे कमी येतील, पण निम्म्या-निम्म्याचा क्रम तोच राहील. तो फळ्यावर खडूने लिहिला की सूत्र पाठ करावे लागत नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. घरातली लहानशी मोटार म्हणजे दहा माणसे, हेही तिथेच सांगता येते.

शेवटचा आकडा पालकांसाठी लिहावा. आपल्या भागात विंधनविहिरी आता शंभर मीटरच्याही खाली गेल्या आहेत. शंभर मीटरवरून, याच हिशेबाने, एका माणसाने तासभर पायटे मारले तर साधारण १३५ ते १४० लिटर पाणी वर येईल. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला धरलेले प्रमाण १३५ लिटर आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराने हे पाणी स्वतः चढवायचे ठरवले, तर रोज प्रत्येकाला एक तास पायटे मारावे लागतील. आणि विहीर दुप्पट खोल गेली तर दोन तास. बटन दाबल्यावर हे तास मोजले जात नाहीत. मोटेवरच्या गड्याला आणि एतावर चालणाऱ्या माणसाला ते मोजावे लागत होते, म्हणून शेवटच्या पोहऱ्यातले पाणी कोणत्या वाफ्याला द्यायचे, याचा तो विचार करी. मुलाने दमून सायकलवरून उतरल्यावर बादलीत किती पाणी जमले ते पाहावे आणि घरी आंघोळीला किती लागते ते विचारावे.