थाळनेरचा मजकूर आणि बंद दरवाजा

तापीकाठचं थाळनेर आज शिरपूर तालुक्यातलं एक गाव आहे. फारुकी सुलतानांचं पहिलं ठाणं ते हेच. मलिक राजा फारुकीने १३८२ च्या सुमारास इथून स्वतंत्र कारभार सुरू केला. पुढे बुऱ्हाणपूर वसलं, राजधानी तिकडे गेली, आणि १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला तेव्हा दोनशे वर्षांहून जास्त चाललेली ही राजवट संपली. फारुकींच्या कबरी थाळनेरला अजून उभ्या आहेत.

वर्गात हे सांगितलं की मुलं विचारतात, मॅडम, हे पुस्तकात कुठे आहे? मी म्हणते, नसेल तर तुम्ही लिहा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, उर्दू त्यानंतर वर्षाच्या आत. दोन्ही भाषा येणाऱ्या पोरांसाठी याहून सोयीची जागा नाही. पण जळगाव-धुळ्याकडून मोबाइलवर लिहायला बसलेल्या माणसाला तिथे एक पाटी दिसू शकते: तुमचा आयपी पत्ता अडवला आहे. एक अक्षर न लिहिता!

कारण साधं आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात साधारण ४३० कोटी, आणि माणसं आठशे कोटींच्या वर. म्हणून मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे उभं करतात. जळगावात कुणी एखाद्या लेखात शिव्या लिहिल्या, तर प्रचालक तो पत्ता बंद करतो, आणि दरवाजा आपटतो धुळ्यातल्या भलत्याच विद्यार्थिनीच्या तोंडावर.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कतारचं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष आखातात असतात, म्हणून ते जवळचं वाटतं. २००६ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकाने सतत उत्पात होणारा एक पत्ता अडवला. त्या वेळी जवळजवळ सगळ्या कतारची इंटरनेट वाहतूक एकाच कंपनीच्या त्या पत्त्यातून जात होती. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बातमी फिरली की विकिपीडियाने अख्ख्या देशाला बंदी घातली. तेवढं काही नव्हतं. वाचायला कुणालाच अडवलं नव्हतं, खाते नसताना लिहिणं तेवढं बंद होतं, आणि काही तासांत तेही खुलं झालं. पण आपण कुणाला अडवतोय हे अडवणाऱ्याला कळलंच नव्हतं, हे खरं. बडे लोकही यातून सुटले नाहीत. जुलै २०१४ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहातल्या एका पत्त्यावर दहा दिवसांची बंदी आली होती.

इतिहास शिकवणाऱ्याला हे सगळं ओळखीचं वाटतं. १८६१ च्या पोलीस कायद्याचं पंधरावं कलम काढून पाहा. एखाद्या भागात दंगाधोपा झाला की सरकार तिथे जादा पोलीस बसवायचं आणि खर्च रहिवाशांकडून वसूल करायचं. दंगा करणारे चार आणि पैसे भरणार सगळी वस्ती. पण त्याच कलमात अमुक लोकांना किंवा वर्गाला या भारातून सूट देण्याची तरतूदही होती. साहेबालाही कळत होतं की सरसकट दंडात निरपराध सापडतो. विकिपीडियाचा हेतू वेगळा, कुणाचे पैसे तो घेत नाही. मात्र गणित तेच आहे आणि सुटीची सोयही तशीच आहे.

ती मागायची कशी, ते मुलांना आधी शिकवायला हवं. पाटीवर बंदीचा क्रमांक, कारण आणि मुदत असते, ती उतरवून घ्यायची. काही बंद्या फक्त खाते नसलेल्यांसाठी असतात, तिथे घरच्या दुसऱ्या जोडणीवरून खाते उघडून आत आलं की काम भागतं. काही खातेदारांनाही लागू असतात. मग आपल्या चर्चापानावर अर्ज करायचा, आणि बंदी सगळ्या विकिपीडियांवर एकत्र लागलेली असेल तर मेटा-विकीवर. खातेदाराला आयपी बंदीतून कायमची सूटही मागता येते. अर्ज चार ओळींचा पुरे: मी कोण म्हणून नव्हे, मला काय लिहायचं आहे आणि माझी जोडणी सामायिक आहे, एवढंच. रागाने लिहिलेला अर्ज फेटाळला जातो. ‘आम्ही मुसलमान म्हणून अडवलं’ असं लिहायचा मोह आवरावा. कधी कुठे पक्षपात होत असेल, तो दाखवायला पुरावा लागतो. इथे तर यंत्राला आपलं नावही ठाऊक नसतं.

तोवर साधनं जमवता येतात. फरिश्त्याच्या फारसी इतिहासात फारुकींवर मजकूर आहे. १८८० चा मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड सबंध खानदेशावर आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. गेल्या आठवड्यात नववीच्या दोघींना मी थाळनेरच्या कबरींपासून सुरुवात करायला सांगितलं आहे, आधी वहीत.