आयोडाइड आणि आयोडेट: पेयजलशुद्धीच्या इतिहासातील एक प्रकरण

पेयजलशुद्धीचा इतिहास सामान्यतः रोगजंतूंवरील विजयाचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि ते यथार्थच आहे. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीनचा नित्य वापर सुरू झाला. पुढे ही पद्धती सर्वत्र रूढ होऊन विषमज्वरासारखे रोग हटले. तथापि जंतुनाशक द्रव्याचा व्यवहार केवळ जंतूंशीच होत नाही, पाण्यातील इतर पदार्थांशीही होतो. १९७४ साली हॉलंडमधील योहान्स रूक यांनी दाखवून दिले की, क्लोरीन आणि नैसर्गिक सेंद्रिय द्रव्ये यांच्या संयोगाने क्लोरोफॉर्मादी ट्रायहॅलोमीथेने निर्माण होतात. अमेरिकेने १९७९ साली अशा चार द्रव्यांवर मिळून लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. ती पाळण्यासाठी अनेक नगरांनी क्लोरीनला अमोनियाची जोड देऊन क्लोरामीनचा आश्रय केला. त्या चार द्रव्यांत आयोडीनयुक्त असे एकही नव्हते.

येथे संज्ञांकडे लक्ष दिल्यास विषय सुगम होतो. १८११ साली कूर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेपासून जांभळी वाफ देणारे एक द्रव्य मिळाले. त्याचे आयोडीन हे नाव ग्रीक भाषेतील जांभळ्या रंगाच्या वाचक शब्दावरून आले. ‘-एट’ हा प्रत्यय १७८७ सालच्या फ्रेंच रासायनिक परिभाषेने प्राणवायुसमृद्ध आम्लांच्या लवणांसाठी राखून ठेवला होता. आयोडाइडमध्ये प्राणवायू नाही, आयोडेटमध्ये आहे. या दोहोंच्या मध्ये हायपोआयोडस आम्लाची अवस्था येते, आणि अनर्थाचे मूळ तीच होय. कारण सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावते ते हेच आम्ल.

बिक्सेल व फॉन गुंटेन या स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९९ साली या मध्यावस्थेचा वेग मोजला. ओझोन, क्लोरीन व क्लोरामीन ही तिन्ही द्रव्ये आयोडाइडचे सत्वर ऑक्सिडीकरण करतात. परंतु पुढे आयोडेटपर्यंत ओझोन त्वरेने पोहोचतो, क्लोरीन सावकाश पोहोचते, आणि क्लोरामीन जवळजवळ पोहोचतच नाही. म्हणजे जो उपाय एका दोषाच्या परिहारार्थ योजला, तोच दुसऱ्यास सर्वाधिक अनुकूल ठरला. २००४ साली प्लेवा, रिचर्डसन प्रभृतींनी आयोडोअॅसेटिक आम्ल हे सस्तन प्राण्यांच्या पेशींतील जनुकद्रव्यास अत्यंत घातक असल्याचे प्रयोगाने दाखविले, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट झाले. उलटपक्षी आयोडेटचे शरीरात पुन्हा आयोडाइडच होते. आपल्या मिठातही पोटॅशियम आयोडेटच घालतात.

यावरून नियंत्रणाची दिशा निश्चित होते: आयोडाइडयुक्त पाण्यावर प्रथम ओझोनची प्रक्रिया करावी, किंवा क्लोरीनला पुरेसा अवधी देऊन मगच अमोनिया घालावा. पण येथेही अडचण आहेच. पाण्यात ब्रोमाइड असेल, तर ओझोनमुळे ब्रोमेट तयार होते, आणि ते कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. क्लोरीनचा अवधी वाढविला, तर ट्रायहॅलोमीथेने वाढतात. एकाच प्रत्ययाची ही दोन रूपे, परंतु एक इष्ट तर दुसरे अनिष्ट.

या इतिहासावरून जंतुनाशनाचा त्याग करावा असा निष्कर्ष कोणी काढू नये. दूषित पाण्याचे भय या सर्वांहून मोठे आहे. मात्र स्थलोस्थलीच्या पाण्यात मूळचे काय आहे हे तपासल्यावाचून उपाय निवडू नये, इतका बोध त्यातून निश्चित होतो.