आजीचा दगड

आमच्या सिन्नर तालुक्यातल्या घरी तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात एक दगड असतो. मुठीएवढा. एका बाजूनं काळा कातळ, दुसऱ्या बाजूला फिकट गुलाबी खडे. लहानपणी हात लावला की आजी ओरडायची. गेल्या दिवाळीत काकांनी विषय काढला, "अशा दगडांना गिऱ्हाईक असतं म्हणे, पाच-सात हजार सहज येतील." झालं, घरात दोन तट पडले. मी म्हटलं, आधी हे आहे काय ते तरी बघू.

दगड आजीला सापडला १९७२ च्या दुष्काळात. पाझर तलावाच्या कामावर ती खडी फोडायची. काका तेव्हा झोळीत. कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोची भाकरी. एक धोंडा फोडला आणि आत हे निघालं. मुकादम म्हणाला, "गारगोटी आहे, फेकून दे." तिनं ओच्यात टाकला.

आता थोडं मागे जाऊ. म्हणजे फारच मागे, सुमारे साडेसहा कोटी वर्षं. आपलं दख्खनचं पठार तेव्हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झालं. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या खडक म्हणतात, तो हाच. पुढे वरच्या थरांखाली गाडल्या गेलेल्या या खडकातून कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं. त्यानं खडकाचाच कॅल्शियम, सोडियम, सिलिका असा ऐवज विरघळवला, खडक कुजवला, आणि तोच ऐवज पोकळ्यांत आणि भेगांत पुन्हा जमवला. आधी बहुधा हिरवट मातकट अस्तर, मग गारगोटी, मग झिओलाइटचे खडे, अपोफिलाइट, कॅल्साइट. यातले काही खडे तर लाव्हा थंडावल्यावर कोट्यवधी वर्षांनी तयार झालेत.

या खड्यांची जगाला ओळख झाली तीही घाम गाळणाऱ्यांमुळेच. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वे चढवली गेली, २५ बोगदे फोडून. १८६१ च्या सुमारास तिथे ४० हजारांवर मजूर होते. पटकीनं आणि अपघातांनी हजारो मेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोनं, अॅलिसनं, कंत्राट पुढे चालवलं. त्या कातळातले सुंदर नमुने इंग्लंडातल्या संग्रहालयांत गेले. अॅलिसचं नाव इतिहासात राहिलं, सुरुंग लावणाऱ्यांची नाही.

आजीला घेऊन मी सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलो. दिव्याखाली तिच्या दगडाची मोठी भावंडं मांडलेली. नाव कळलं, स्टिल्बाइट. मध्ये आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखे त्याचे स्फटिक असतात. आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे फोडलं कुनी, ते न्हाई लिव्हलं?"

घरी आल्यावर तिला आणखी एक गोष्ट सांगितली. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं असाच खडा तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. कारण त्याच्या आत पाणी होतं. म्हणून नाव ठेवलं झिओलाइट, ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'. स्टिल्बाइटच्या वजनातला सहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग पाणीच असतो, स्फटिकाच्या घडणीतच अडकलेलं.

आजी हसायला लागली. "म्हंजी त्या साली माज्या ओच्यात पानी व्हतं? आन मी घागर घिऊन दोन कोस हिंडत व्हते!" हसता हसता पदरानं डोळे पुसले. काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनीच दगड पुसून कोनाड्यात ठेवला. विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

असो. तुमच्याही घरी असा एखादा दगड असेल, तर तो कुठल्या विहिरीतला, कुठल्या कामावरचा, कुणी आणला, ते विचारून लिहून ठेवा. दगड राहील हो. सांगणारी माणसं थोडी उरलीत.