एबाल डोंगर आणि आदाम झर्ताल

एखादा समाज मूळचा कोठला, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे विद्वानांचीं आयुष्यें त्यांत खर्ची पडतात. प्राचीन इस्राएल लोकांविषयीं हें विशेष खरें आहे. हें नांव महाराष्ट्राला परकें नाहीं. शनिवारीं घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणांतील बेने इस्राएल समाजाला लोक 'शनवार तेली' म्हणत. ज्या प्राचीन लोकांना हा समाज आणि जगांतील सर्व यहुदी आपले पूर्वज मानतात, ते कनान देशांत आले कोठून? या एका प्रश्नासाठीं आदाम झर्ताल या इस्राएली पुराणवस्तुसंशोधकानें आपलें उत्तरायुष्य डोंगर तुडविण्यांत घालविलें.

बायबलाच्या जुन्या करारांतील कथा अशी आहे : हे लोक मिसर देशांत दास होते. मोशेनें त्यांना तेथून सोडविलें. चाळीस वर्षें अरण्यांत हिंडल्यावर यहोशवाच्या नेतृत्वाखालीं ते यार्देन नदी ओलांडून कनानांत शिरले आणि त्यांनीं तेथील नगरें जिंकलीं. यरीहोचा कोट रणशिंगांच्या नादानें कोसळला, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध हकीकत.

या कथेबाहेरचा पहिला पुरावा इ. स. १८९६ मध्यें मिळाला. मिसरांतील थीब्ज येथें फ्लिंडर्स पेट्री यांना फारो मेर्नेप्ताह याचा शिलालेख सांपडला. सुमारें इ. स. पू. १२०८ च्या या लेखांत पराभूतांच्या नांवांमध्यें 'इस्राएल' हें नांव आहे. आणि त्यापुढील चिन्ह नगराचें अथवा देशाचें नसून लोकसमूहाचें आहे. म्हणजे त्या शतकाच्या अखेरीस या नांवाचे लोक कनानांत होते, एवढें निश्चित झालें. ते तेथें कसे आले, हें मात्र तो लेख सांगत नाहीं.

ही उणीव विद्वानांनीं तर्कानें भरून काढली. अमेरिकन पंडित विल्यम ऑल्ब्राइट यांचा कल स्वारी आणि विजय यांच्याकडे होता. जर्मन पंडित आल्ब्रेख्त आल्ट यांनीं १९२५ मध्यें मांडलें कीं, हे पशुपाल लोक हळूहळू, बहुतांशीं शांतपणें, डोंगराळ भागांत उतरले. जॉर्ज मेंडेनहॉल यांनीं १९६२ मध्यें तिसरी कल्पना पुढें आणली : बाहेरून फारसें कोणी आलेंच नाहीं, कनानांतील पिडलेले शेतकरीच नगरांच्या सत्तेविरुद्ध उठले. मध्यंतरीं १९५२ ते १९५८ या काळांत कॅथलीन केन्यन यांनीं यरीहोचें उत्खनन केलें आणि तेथील तटबंदीचें नगर सुमारें इ. स. पू. १५५० मध्येंच नष्ट झालें होतें, असें दाखविलें. यहोशवाच्या काळीं पाडण्याजोगा कोटच तेथें नव्हता, असा त्याचा अर्थ झाला. स्वारीचा पक्ष त्यामुळें पुष्कळच दुबळा पडला.

अशा वेळीं झर्ताल या क्षेत्रांत आले. त्यांचा जन्म १९३६ मधील. ते एन शेमेर या किब्बुत्झमध्यें, म्हणजे सामुदायिक मालकीच्या शेतवसाहतींत, वाढले. तेथील वातावरण समाजवादी आणि धर्मकर्मापासून दूर असें होतें. १९७३ च्या युद्धांत त्यांना जबर जखमा झाल्या आणि एक वर्ष त्यांना रुग्णालयांत काढावें लागलें. पुराणवस्तुशास्त्राची ओढ आपणांस याच काळांत लागली, असें ते पुढें सांगत. त्यानंतर कुबड्या त्यांच्या सोबतीला आल्या. ज्या शास्त्राला सर्वांत अधिक पायांची गरज, तेंच या माणसानें पाय अधू झाल्यावर पत्करिलें!

१९७८ मध्यें त्यांनीं मनश्शे वंशाच्या डोंगराळ मुलखाची पाहणी आरंभिली. सुमारें २५०० चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दरी-दरी, टेकडी-टेकडी पायीं तपासला. रीत अशी कीं, मंडळींनीं ओळीनें चालावयाचें, जमिनीवर पडलेलीं खापरें वेंचावयाचीं, आणि भिंतींचे अवशेष, टांकीं व पाण्याच्या जागा नकाशावर टिपावयाच्या. खापर हें या शास्त्राचें नाणेंच होय. रांधण्याच्या हांडीच्या कांठाची घडण पिढ्यांगणिक बदलत जाते. त्यामुळें कांठाचा एक तुकडा सांपडला तरी ती वस्ती कोणत्या काळची, याचा अंदाज बांधतां येतो.

या पाहणींतून एक मोठी गोष्ट स्पष्ट झाली. इ. स. पू. तेराव्या शतकापूर्वीं या डोंगरांत वस्ती विरळ होती. त्यानंतर थोड्याच काळांत तेथें लहान लहान, बहुधा तटबंदी नसलेलीं नवीं खेडीं मोठ्या संख्येनें उभीं राहिलीं. झर्ताल यांनीं आणखी एक निरीक्षण नोंदविलें. हांड्यांचा सर्वांत जुना प्रकार पूर्वेकडे, यार्देनच्या बाजूच्या उतारांवर अधिक प्रमाणांत मिळतो, आणि जसजसें पश्चिमेकडे जावें तसतसे पुढील काळचे प्रकार वाढत जातात. यावरून त्यांनीं प्रतिपादन केलें कीं, हे लोक पूर्वेकडून आले, प्रथम कुरणांच्या कडेला राहिले आणि क्रमाक्रमानें शेतीच्या व फळबागांच्या पश्चिम भागाकडे सरकले. बायबलाच्या कथेंतील दिशा तीच आहे.

याच पाहणींत एप्रिल १९८० मध्यें त्यांची मंडळी एबाल डोंगरावर पोंचली. शखेम, म्हणजे आजचें नाब्लुस, हें शहर एबाल आणि गरिज्जीम या दोन डोंगरांच्या खिंडींत वसलें आहे. एबालच्या ईशान्य उतारावर त्यांना दगडांचा एक मोठा ढीग आणि त्याभोंवतीं नव्या खेड्यांच्याच काळचीं खापरें दिसलीं. १९८२ ते १९८९ पर्यंत तेथें उत्खनन चाललें. ढिगाखालून सुमारें नऊ मीटर लांब, सात मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी अनघड दगडांची चौकोनी बांधणी निघाली. तिच्या आंत राहण्याजोगी जमीन नव्हती. माती, दगड आणि राख यांचे थर मुद्दाम भरलेले होते. त्या राखेंत मेंढ्या, बकऱ्या, गुरें आणि हरिण यांचीं जळलेलीं हाडें होतीं; डुकराचीं नव्हतीं. मिसरी पद्धतीच्या दोन भुंग्याच्या आकाराच्या मुद्रा सांपडल्या व त्यांवरून इ. स. पू. तेराव्या शतकाचा काळ सूचित झाला.

जुन्या कराराच्या 'अनुवाद' नामक ग्रंथांत अशी आज्ञा आहे कीं, यार्देन ओलांडल्यावर एबाल डोंगरावर लोखंडाचा स्पर्श न झालेल्या दगडांची वेदी बांधावी. आणि यहोशवानें ती बांधली, असें पुढील ग्रंथांत सांगितलें आहे. मिश्ना या नंतरच्या ग्रंथांत यरुशलेमच्या मंदिरांतील वेदीचें जें वर्णन आहे, त्याच्याशींहि या बांधणीचें साम्य झर्ताल यांना दिसलें. १९८५ मध्यें त्यांनीं लेख लिहून जाहीर प्रश्न केला : यहोशवाची वेदी हीच काय? धर्मकथेपासून दूर वाढलेला हा मनुष्य खापरांच्या मागें चालत तिच्याच दाराशीं येऊन उभा राहिला होता.

त्यावर मोठें वादळ उठलें. आहरोन केंपिन्स्की यांनीं पुढच्याच वर्षीं उत्तर दिलें कीं, ही वेदी नसून टेहळणीचा बुरूज आहे. इतरांनीं विचारलें, धर्मग्रंथांतील यज्ञपशूंच्या यादींत हरिण नाहीं, मग त्याचीं हाडें येथें कशीं? शिवाय कथेंत दोन्ही डोंगरांवर लोक समोरासमोर उभे राहतात. परंतु या जागेवरून गरिज्जीम दिसतच नाहीं. ही एखादी पूजेची जागा असावी, इतकें आमिहाय माझार यांच्यासारख्या कांहीं विद्वानांनीं शक्य मानलें. परंतु यहोशवाचें नांव तिला जोडण्यास बहुतेक तयार झाले नाहींत.

त्याच काळांत इस्राएल फिंकेलस्टाइन यांनीं दक्षिणेकडील डोंगरांत अशाच खेड्यांचा अभ्यास केला आणि १९८८ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वस्त्यांची वाढ त्यांनाहि मान्य होती, तिचा अर्थ मात्र निराळा होता. हे लोक परके नव्हेत. पूर्वीं येथल्याच डोंगरांत कळप घेऊन फिरणारे पशुपाल पुन्हां स्थिर झाले, असें त्यांचें मत. खेड्यांतील मडक्यांची परंपरा कनानांतील जुन्या परंपरेशीं जुळते, हाहि पुरावा त्याच बाजूला जातो. आज बहुसंख्य अभ्यासक इस्राएल लोकांचा मोठा भाग कनानांतीलच होता असें धरतात; त्यांत बाहेरून आलेले लहान गट मिसळले असतील, हें ते नाकारीत नाहींत.

हा वाद केवळ पंडितांचा राहिला नाहीं. नाब्लुसचा प्रदेश १९६७ पासून इस्राएली सैन्याच्या ताब्यांत असून तेथें पॅलेस्टाइनी लोकांची दाट वस्ती आहे. त्यामुळें तेथील प्रत्येक प्राचीन दगड हक्काच्या भांडणांत ओढला जातो. राखेचा थर कोणत्या शतकाचा, हें शास्त्र सांगूं शकतें. तीन हजार वर्षांनंतर ती भूमि कोणाची, हें त्या राखेवरून ठरत नाहीं. परंतु हा भेद गर्दींत फार वेळ टिकत नाहीं.

झर्ताल आपल्या मतावरून हटले नाहींत. यार्देनच्या खोऱ्यांत त्यांना पावलाच्या आकाराचीं दगडी कुंपणें आढळलीं. बायबलांतील गिलगाल तीं हींच, असें त्यांनीं सुचविलें. १९९३ ते २००० पर्यंत त्यांनीं एल-अहवात येथें उत्खनन केलें आणि तेथील बांधणींत सार्डिनिया बेटाशीं नातें पाहिलें. तेंहि अनेकांना पटलें नाहीं. ऑक्टोबर २०१५ मध्यें त्यांचें निधन झालें. पुढें त्यांच्या एबाल येथील उत्खननाची टाकलेली माती पुन्हां चाळण्यांत आली. तींत शिशाचा एक लहानसा घडी घातलेला पत्रा मिळाला आणि त्यावर प्राचीन इब्री शापलेख असल्याचें २०२२ मध्यें जाहीर झालें. परंतु ती अक्षरें पुष्कळ लिपितज्ज्ञांना दिसलीच नाहींत.

सारांश, वेदीचा निकाल लागलेला नाहीं. तथापि झर्ताल यांच्या पाहणीचे खंड आज त्यांच्या विरोधकांच्याहि टेबलावर असतात. कारण कोणत्या टेकडीवर कोणत्या शतकांत माणसें राहत होतीं, हें त्यांतून पाहिल्यावांचून त्या प्रदेशाविषयीं कोणालाहि लिहितां येत नाहीं. एका दगडी ढिगानें त्यांना कीर्ति दिली आणि टीकाहि दिली. कुबड्या टेकीत वेंचलेल्या हजारों खापरांनीं मात्र या शास्त्राला जें दिलें, त्यावर उद्यांचे अभ्यासक, मग त्यांचें मत कोणतेंहि असो, आपली इमारत उभारतील.