ताई मिलेनियल, मी जेन झी

मागच्या अप्रेझलमध्ये मी म्हटलं, रात्रीच्या ऑन-कॉलचे पैसे मिळत नाहीत. मॅनेजर हसले. "तुम्ही जेन झीवाले ना, थोडंही सोसत नाही तुम्हाला." झालं. पैशांचा विषय बाजूला, चर्चा माझ्या पिढीवर.

माझा जन्म फेब्रुवारी 1997 चा, ताईचा डिसेंबर 1995 चा. एकाच खोलीत वाढलो, एकाच डेस्कटॉपवरून भांडलो. तरी ती मिलेनियल आणि मी जेन झी! ही रेष मारली कुणी?

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने, 2018 मध्ये. मिलेनियल 1996 ला संपले असं त्यांनी ठरवलं. कारणं काय? 9/11 चा हल्ला कळत्या वयात पाहिला का, 2008 च्या मंदीत नोकरी शोधली का, वगैरे. आम्ही दोघं तेव्हा शाळेत डबा खात होतो, तेही इथे.

गंमत म्हणजे 'बेबी बूमर' या लेबलला भक्कम आधार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 ते 1964 मध्ये, अमेरिकेत साधारण 7.6 कोटी मुलं जन्मली. ही मोजणी होती. पण 'जनरेशन एक्स' गाजलं ते डग्लस कूपलंडच्या 1991 च्या कादंबरीमुळे. 'मिलेनियल' हे नाव दिलं स्ट्रॉस आणि हाव या लेखकांनी. म्हणजे जन्मनोंदणीवरून गाडी थेट पुस्तकाच्या दुकानात!

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने 1928 मध्येच लिहिलं होतं की नुसतं एका काळात जन्मून पिढी होत नाही, एकाच उलथापालथीत सापडावं लागतं. शहरातला तरुण आणि दूरच्या खेड्यातला शेतकरी समवयस्क असले, तरी एका पिढीचे असतीलच असं नाही.

हे वाचलं आणि आजी आठवली. ती साल सांगतच नाही. "बहात्तरच्या दुष्काळात तुझा बाप रांगत होता," एवढंच. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी थापल्या. तिच्याच वयाची गिरगावातली बाई 'बहात्तर' ऐकून असं गप्प होईल का?

2021 मध्ये फिलिप कोहेन आणि इतर अभ्यासकांनी प्यूला खुलं पत्र लिहून ही लेबलं सोडायला सांगितलं. 2023 मध्ये प्यूनेही ती यापुढे जपून वापरू असं जाहीर केलं. आमच्या ऑफिसपर्यंत बातमी पोचलेली नाही.

परवा मीच म्हटलं, "सर, पिढी राहू द्या, तासांचं बोलू." ते म्हणाले, "एक्सेल पाठव." पाठवलीये. सात महिन्यांत एकोणतीस रात्री. रिप्लाय आला की पुढच्या एपिसोडमध्ये सांगतो.